सातवा धडा राहून गेला

चहा हातात घ्या, पण लगेच तोंडाला लावू नका. मी जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही हसणार, आणि हसताना चहा नाकात जातो. आमच्या गल्लीत दोघांच्या गेलेला आहे.

मूर्खपणा मी आयुष्यात भरपूर केला. नववीला दोनदा बसलो आणि दोनदा आपटलो. पण भावाच्या कॉम्प्युटरमध्ये घुसलेला चोर पकडायला तालुक्याला मंठ्यात जाऊन भर दुकानात तमाशा करणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? नाही? मग बघून घ्या. समोरच बसला आहे. चोर सापडला बरं का! कसा सापडला, तेच तर सांगतो.

आधी माझा धंदा सांगतो, कारण सगळा घोळ धंद्यानं केला. मी आनंद. घरात आन्या. गावात मोटर रिवायंडिंग करतो. म्हणजे शेतातली पाण्याची मोटर जळली की लोक ती उचलून माझ्याकडे आणतात, मी जळालेली तार काढतो आणि नवी तार मोजून गुंडाळतो. आमच्यात दोन नियम पक्के. पहिला, मोटर अडकली, आवाज बदलला, वास आला, काहीच कळेनासं झालं, की आधी मेन स्विच पाडायचा. विचार नंतर. दुसरा, विहिरीत उतरताना वरच्या डब्यातला फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घालायचा. आपण खाली असताना वरून कुणी शहाण्यानं मोटर चालू करू नये म्हणून. या दोन नियमांनी मला आजवर जिवंत ठेवलं आहे.

दोन्ही लक्षात ठेवा. पुढे लागतील.

माझा मोठा भाऊ मिलिंद. मिलिंददादा. तो शिकलेला. पुण्याच्या एका कंपनीच्या मशीनी तो आमच्या घरातल्या कोपऱ्यात बसून सांभाळायचा. लॅपटॉपवर सगळा काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. चित्र नाही, माऊस नाही, काही नाही. नुसती बोटं चालायची. मी विचारायचो, "दादा, यात रंग भरायचा राह्यला का?"

तो म्हणायचा, "तुझ्या मोटरीत तरी कुठं चित्रं असतात? तारच असते ना? मंग?"

त्याचं एकच म्हणणं. "आन्या, तुझी बोटं माझ्यापेक्षा चांगली हायेत. तू न बघता तार मोजतो. हे लिहायचं सॉफ्टवेअर बोटांनीच चालतं. शीक. आमच्याकडं हाताखाली माणूस लागून राह्यला."

"मी नववी नापास."

"बटनांना मार्कशीट लागत न्हाई."

मी चार वेळा बसलो असेन त्याच्यापाशी. पाचव्या वेळी काय झालं, मी काही टाईप केलं की भलतंच व्हायचं. अक्षर दाबावं तर अक्षर उमटायचं नाही, ओळच गायब व्हायची! मी चिडलो. मला चिडायला वेळ लागत नाही. "न्हाई होत माझ्यानं!" म्हणून उठलो आणि चपला घातल्या.

दादा मागून म्हणाला, "अरे बस. बाहेर पडायचं कसं ते तर राह्यलं अजून."

मी म्हणालो, "हे बघ, असं!" आणि दारातून बाहेर पडलो.

मोठा पराक्रम केल्यासारखा गेलो. चौथ्या दिवशी दादाला ताप आला. त्यानंतर तीन दिवस. बस.

याच्यावर मी जास्त बोलत नाही. तुम्हीही विचारू नका. चहा घ्या.

दादाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, खुर्च्या मंडपवाल्यानं नेल्या. कोपऱ्यातला लॅपटॉप तसाच. आई त्यावरची धूळ रोज पुसायची, पण झाकण उघडायची नाही. दोन महिने गेले. एक दिवस सकाळी दुकानावर जायच्या आधी मीच उघडलं.

आत, बटनांवर, एक चिठ्ठी चिकटवलेली होती. दादाचं अक्षर. "आन्या, हे टाईप कर, एंटर मार." खाली एक ओळ. पासवर्ड मला माहीत होता, तिघांनाच माहीत होता: दादा, मी आणि मंठ्याचा योगेशभाऊ, दादाचा शाळेपासूनचा दोस्त. मी चिठ्ठीतली ओळ एकेक अक्षर बघून टाईप केली. एंटर मारला.

काळा पडदा भरून मराठी आली!

"आन्यासाठी. धडा पहिला. चार बटनं. एच डावीकडे, जे खाली, के वर, एल उजवीकडे. माऊस शोधू नको. नाहीये."

मी उठून गेलो, त्यानंतरच्या तीन दिवसांत बसून त्यानं हे लिहिलं होतं. माझ्यासाठी. सात धडे. आणि धडे वाचायचे नव्हते, त्यातच बोटं घालून करायचे होते. "खालच्या ओळीत एक अक्षर जास्त आहे, त्यावर जा आणि एक्स दाब: आन्या रोज सकाळी लवकरर उठतो." ओळीतली चूक कोणती हे बघून मी हसलो. अक्षर सोडा, ती सगळी ओळच चूक होती.

चौथ्या धड्यात लिहिलं होतं: "यातली खोटी ओळ शोध आणि डी दोनदा दाबून उडव. आन्याला मोटर येते. आन्याला स्वयंपाक येतो. आन्याला कॉम्प्युटर येत नाही."

मी स्वयंपाकाची उडवली. ती तर उघडच खोटी होती ना?

पण उडवल्यावर लक्षात आलं. अरे, ही दादानं लिहिलेली ओळ होती! त्याच्या हातची! आता गेली. शिकायचं म्हणजे त्याचं लिहिलेलं खोडायचं, आणि खोडायचं नाही तर शिकायचं कसं? सांगा तुम्हीच. दादाचं माझ्यासाठी म्हणून एवढंच तर उरलं होतं.

म्हटलं, बाहेर पडू आणि पुन्हा हात लावायचा नाही. खाली खाली गेलो. सातवा धडा आला.

"धडा सातवा. बाहेर पडायचं कसं."

त्याच्या खाली काही नाही. कोरं. ताप तिथंच आला असणार.

मी पाच मिनिटं त्या कोऱ्या जागेकडे बघत बसलो. मग वाटलं, दादालाच लिहावं. मोबाईलवर लिहितो तसं, इंग्रजी अक्षरांत मराठी. 'दादा' टाईप केलं, डी ए डी ए. उमटलं नाही! पण त्याच्या पुढचं सगळं उमटलं. "बाहेर कसं पडायचं ते सांग." पुन्हा करून बघितलं. एस्केप दाबून सरळ लिहायला घेतलं की पडदा उड्या मारायचा, ओळी खायचा. 'दादा' म्हणून सुरुवात केली की गपगुमान लिहून घ्यायचा.

मी म्हटलं, वा! म्हणजे मशीनीला आधी दादाला हाक मारावी लागते. कायदा असेल.

आता हसू नका. लिहायला सुरुवात कशी करायची ते तिसऱ्या धड्यात लिहिलेलं होतं, पण मी धडे क्रमानं वाचणारा असतो तर नववी पास झालो नसतो का?

बाहेर पडता येईना. एस्केप मारलं, एंटर मारलं, टेबल मारलं. दुकानावर गिऱ्हाईक खोळंबलेलं. अडकलं, कळेना, मग काय करायचं? पहिला नियम! बोर्डावरचा मेन स्विच पाडला. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली होती. पडदा फटकन बंद. मी दुकानावर.

संध्याकाळी घाबरत घाबरत उघडलं. तर एंटर मारल्यावर धड्यांच्या आधी पडदाभर इंग्रजी आली. कसली तरी सूचना. कोण वाचतो? सूचना वाचायच्या असत्या तर देवानं, चुकलो, निसर्गानं एवढी बटनं कशाला दिली? ई दाबलं, फाईल उघडली. आणि काय सांगू, स्वयंपाकाची ओळ जागेवर! सगळे धडे जसेच्या तसे. मला एवढा आनंद झाला की मी ती ओळ पुन्हा उडवली.

असे चार दिवस गेले. सकाळी धडे, 'दादा' म्हणून चार शब्द, स्विच. संध्याकाळी इंग्रजी, ई, धडे, 'दादा', स्विच.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मला वाटलं, हे इंग्रजी काय म्हणतं ते एकदा बघावं तरी. मोबाईलचा कॅमेरा धरला की मराठी करून दाखवतो ना, तसा धरला. मोबाईलनं काय दाखवलं असेल?

ही फाईल आधीच कुणीतरी उघडून काम करत असावं. नाव: मिलिंद. तारीख: आजची.

मी मोबाईल पुसला. पुन्हा धरला. मिलिंद. आज.

मशीन मी सकाळी स्वतः बंद करून गेलो होतो. मग मिलिंदच्या नावानं दिवसभर तिथं कोण बसलं होतं? आणि मला चिडायला वेळ लागत नाही, हे सांगितलंच आहे. भीती वाटायच्या आत राग आला. माझ्या भावाच्या नावानं? त्यानं माझ्यासाठी लिहिलेल्या फाईलीत? खाली पर्याय दिले होते. त्यातला एक मोबाईलनं दाखवला, 'डी: हटवा'. म्हटलं, थांब, तुला हटवतोच. बोट उचललं.

"काय झालं रे?" आई मागं उभी होती.

"कोनीतरी घुसलंय आई यात. दादाच्या नावानं. मिलिंद लिहून राह्यला म्हणते मशीन. आज."

आईनं पडद्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "आन् तू काय करून राह्यला?"

"हटवतो त्याला."

"नको." तिनं माझं मनगट धरलं. मोटरी उचलणारं मनगट आहे हे, पण मला हलवता येईना. "नाव मिलिंदचं हाये ना? मंग र्‍हाऊ दे. नको हटवू."

मी स्विच पाडला. दुसरं करणार काय?

बाबा झेडपीच्या शाळेत शिपाई होते, आता रिटायर. जयंतीला बावीस प्रतिज्ञा सगळ्या गावाला तेच म्हणायला लावतात, तोंडपाठ. त्यांनी ऐकलं आणि जेवताना हात थांबवला. "या घरात आत्मा, भूत, असलं काही चालणार न्हाई. सांगून ठेवतो."

"भूत म्या कुठं म्हणलं बाबा? मशीन म्हणून राह्यली."

"मशीनला काय अक्कल?"

"तुम्हीच म्हणता ना, विज्ञानावर विश्वास ठेवा म्हणून?"

बाबांनी ताट सरकवलं. पाणी प्यायले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीनपुढे बसलो. आईनं चहा आणून ठेवला. दोन कप. मी बघितलं तिच्याकडं. ती म्हणाली, "तुझ्यासाठीच हाये. तू दोन घेतो ना आजकाल." मी आयुष्यात सकाळी दोन कप चहा घेतलेला नाही. एक मी घेतला. दुसऱ्यावर साय धरली.

संध्याकाळी दुकानावरून आलो तर बाबा ओट्यावर. हातात पेपर. उलटा नव्हता, पण सकाळपासून तेच पान असावं. वर न बघता म्हणाले, "आज काय तारीख दाखवून राह्यली?"

मी आत गेलो, फाईल उघडली, स्विच पाडून आलो. "आजचीच."

"हं," म्हणाले. पान उलटलं. मग म्हणाले, "काय लिहिलं म्हणते?"

"ते दाखवत न्हाई बाबा. नुसतं नाव दाखवते."

"बराबर आहे," म्हणाले. काय बराबर होतं ते त्यांनाही माहीत नसावं.

आता माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? कुणा जाणकाराला विचारलं असतं. मी विचार केला. हीच चूक. मी विचार केला की घात होतो. दादा घरात बसून पुण्यातली मशीन चालवायचा, म्हणजे मंठ्यात बसून आमच्या घरातली मशीन चालवता येत असणार. पासवर्ड तिघांना माहीत. एक गेला. एक मी. उरला कोण?

योगेशभाऊ!

गाडीला किक मारली.

योगेशभाऊचं मंठ्यात झेरॉक्सचं आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान. पीक विम्याचे दिवस, दुकानात पंधरा-वीस माणसं. मी आत घुसलो ते सरळ काउंटरवर हात आपटला.

"माझ्या भावाच्या नावानं काहून लिहून राह्यले तुम्ही?"

योगेशभाऊच्या हातात कुणाचं तरी आधार कार्ड. "आन्या? काय झालं?"

"नाटक नको! पासवर्ड तुम्हालाच माहीत हाये. रोज घुसतो तू त्याच्या मशीनीत!" बघा, एका दमात मी तुम्हीवरून तूवर आलो.

रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "भांडण नंतर करा भौ. माझा अंगठा लागायला सकाळपासून नंबर हाये."

"बाबा, तुमचा अंगठा कुठं जात न्हाई!" मी त्यालाही सोडलं नाही. "याला विचारा! मेलेल्या मानसाच्या नावानं, रोज, माझ्या आईला चहा ठेवायला लावला यानं!"

सगळी रांग वळून बघायला लागली. झेरॉक्स मशीनसुद्धा थांबली. योगेशभाऊ माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं आता हा हात उचलणार. उचलला असता तर बरं झालं असतं, मला कुणाला तरी मारायचंच होतं. कुणाला ते कळत नव्हतं.

तो फक्त म्हणाला, "काय दाखवते मशीन? बराबर सांग."

"मिलिंद लिहून राह्यला. तारीख आजची."

योगेशभाऊनं आधार कार्ड त्या म्हाताऱ्याच्या हातात दिलं, शटर अर्धं ओढलं आणि म्हणाला, "चल."

"अन् माझा अंगठा?" म्हातारा.

"उद्या पहिला तुमचाच लावतो काका."

मी माझ्या गाडीवर, तो त्याच्या. तुम्हाला सांगतो, तो माझ्यापुढं होता. मंठ्यापासून गावापर्यंत एकदाही ब्रेक लागलेला मी बघितला नाही.

घरी आई-बाबा दोघं दारात. योगेशभाऊ सरळ कोपऱ्यात जाऊन बसला. चिठ्ठीतली ओळ टाईप केली. इंग्रजी आली. त्यानं वाचली. खालून वर, वरून खाली. मग एक भलतीच ओळ टाईप केली, तर पडद्यावर यादी आली. नाव, तारीख, वेळ, नाव, तारीख, वेळ.

"आन्या, तू सकाळी किती वाजता बसतो इथं?"

"नऊच्या पुढं. का?"

"आन् संध्याकाळी?"

"सहाला आल्यावर."

"हं. आन् बंद कसं करतो?"

"कसं म्हणजे?" मी बोर्डाकडं बोट दाखवलं. "स्विच पाडून."

योगेशभाऊनं डोळे मिटले. मग उघडून म्हणाला, "विहिरीत मोटर खोलायला उतरतो तेव्हा फ्यूजचं काय करतो तू?"

"खिशात घालतो."

"काहून?"

"आत मानूस हाये हे वरच्याला कळावं म्हणून."

"मंग ही फाईल म्हणजे विहीर. तू उतरला की मशीन डब्यातला फ्यूज काढून ठेवते. आत मानूस हाये म्हणून. तू नीट वर आला, बाहेर पडतो म्हणून सांगितलं, की फ्यूज परत लावून टाकते. तू काय केलं? उतरला आन् वर न येताच गायब झाला. फ्यूज निघालेला तसाच. दुसऱ्या टायमाला उघडलं की मशीन ओरडते, थांब रे बाबा, आत कोनीतरी हाये!"

"पण नाव तर मिलिंदचं दाखवते!"

"मशीन मिलिंदची. पासवर्ड मिलिंदचा. तिला काय माहीत समोर कोण बसलंय? तिच्यासाठी जो बसला तो मिलिंद." त्यानं यादीवर बोट ठेवलं. "नऊ वाजून चाळीस मिनिटं. सहा वाजून दहा. नऊ पस्तीस. अकरा फ्यूज हायेत, आन्या. अकराच्या अकरा तुझ्या खिशात."

मी तिथंच खाली बसलो. सकाळी नऊ चाळीसला या खुर्चीत कोण असतो, हे गावातल्या कुत्र्याला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. मी मंठ्यात जाऊन विचारलं.

आई म्हणाली, "म्हणजे तो न्हवता?"

बाबांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. स्वच्छच होता.

योगेशभाऊ म्हणाला, "फ्यूजपाशी तू लिहिलेलं पण पडून र्‍हातं, सगळ्यात खालचा सगळ्यात जुना. बघू का काय लिहिलंय?"

मी "नको" म्हणायच्या आत त्यानं बटन दाबलेलं. ज्याचं वाईट करायला जावं त्याच्याच हातात आपली लाज सापडते, बघा. एकेक फ्यूज उघडायचा, धड्यांच्या शेवटी जायचा, आणि मोठ्यानं वाचायचा. घरात सगळे उभे.

"बाहेर कसं पडायचं ते सांग."

"आज पाच एचपीची मोटर बांधली. तुला दाखवायची होती."

"आईला सांगत नाही, पण ती रडते. मोरीत नळ सोडून."

"त्या दिवशी मी उठून गेलो. मी बसायला पाहिजे होतं."

तिथं तो थांबला. पुढचं वाचलं नाही. बरं केलं.

मग नाक ओढून म्हणाला, "हे कोणाला लिहिलं?"

"दादाला."

"मंग 'दादा' कुठं हाये यात? एकाही ओळीत न्हाई."

"दर वेळी टाईप केलं! मशीन खाते ते. पण तेवढं म्हणल्याशिवाय लिहूच देत न्हाई ती."

योगेशभाऊनं करून बघितलं. पडद्याकडं बघितलं, बोटांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "लेका, लिहायला सुरू करायचं बटन 'ए' हाये. एकच. तुझ्या चार अक्षरांतलं शेवटचं. बाकीची तीन वाया जातात."

"वाया न्हाई जात," आई म्हणाली.

तिला कॉम्प्युटरमधलं काय कळतं? पण योगेशभाऊ म्हणाला, "बरं काकू, न्हाई जात."

मग त्यानं मला बाहेर पडायला शिकवलं. एस्केप. कोलन. नुसतं निघायचं तर क्यू आणि उद्गारचिन्ह. लिहिलेलं ठेवून निघायचं तर डब्ल्यू, मग क्यू. एवढंच! याच्यासाठी मी अकरा वेळा घर अंधारात घातलं होतं. आणि ऐका, तो म्हणाला, "तू एकदाही सेव्ह केलं न्हाई म्हणून मिलिंदचे धडे वाचले. रोज उडवायचा आन् रोज स्विच पाडायचा, म्हणून मूळ फाईल तशीच राह्यली. तुझ्या अडाणीपणानं वाचवली." एवढं बोलून त्यानं धड्यांची एक वेगळी नक्कल काढून दिली, खोडायला. दादाची तशीच राहणार.

निघताना मी त्याला गाडीपर्यंत सोडायला गेलो. "योगेशभाऊ, दुकानात मी..."

"जाऊ दे." त्यानं किक मारली, पण गाडी सोडली नाही. "तू आजची तारीख म्हणाला ना, मला पण वाटलं एक मिनिट. म्हणून गाडी एवढी हाणली."

आणि गेला.

त्या आठवड्यात मी नकलेतले सगळे धडे क्रमानं केले. अगदी पहिल्यापासून. चौथ्या धड्यापाशी आलो तेव्हा स्वयंपाकाच्या ओळीवर बोट नेलं, आणि थांबलो. खोटी म्हणून दादानं कोणती ओळ लिहिली होती ते आता कळलं. पण स्वयंपाक मला येत नाही, हेही खरंच! शेवटी तिसरी उडवली आणि त्या दिवशी संध्याकाळी खिचडी केली. बाबांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "दुसरी पण उडव."

उरला सातवा धडा. कोरा.

तो मी लिहायला घेतला. दादाच्या फाईलीतच, त्याच्या ओळीच्या खाली. योगेशभाऊला फोन करून विचारलं, चालेल का? तो म्हणाला, "त्यानं जागा कोणासाठी सोडली मंग?" मी बसलो. 'दादा' दाबलं, चारही अक्षरं, आणि लिहायला लागलो. बाहेर पडायचं कसं. आधी एस्केप. मग कोलन. निघताना न सांगता जाऊ नये, मागच्याला वाटतं आत कुणी आहे. असं सगळं. नववी नापासाला शोभणार नाही असं चांगलं लिहिलं हो! शेवटची ओळ लिहिली: "कधीही स्विच पाडू नये."

आणि दुकानातून घरी आणून अंगणात टेस्टिंगला लावलेल्या मोटरीचा आवाज बदलला.

घुर्रर्र झालं. जळका वास आला. मी उडी मारून उठलो, आणि पहिल्या नियमानं...

हो. मेन स्विच. मोटर वाचली. घर अंधारात. कोपऱ्यातला पडदा फटकन काळा.

काळ्या पडद्यात मला माझंच तोंड दिसलं. त्याच्याविषयी न बोललेलं बरं.

सकाळी पुन्हा लावलं. चिठ्ठीतली ओळ, एंटर. इंग्रजी आली. आता मोबाईल धरावा लागत नाही, वाचता येते तेवढी. नाव: मिलिंद. तारीख: कालची.

आई चहा घेऊन आली. दोनच कप. एक माझ्यापुढं ठेवला, आणि दुसरा, पहिल्यांदाच, स्वतः घेऊन बाजूला टेकली. पडद्याकडं बघत एक घोट घेतला.

"आल्ता का?" तिनं विचारलं. तिच्या तोंडावर हसू होतं.

"आल्ता."

"मंग?"

"बाहेर पडायचं इसरला."